डिचोलीचे खनिज, सासष्टीचे मत

डिचोलीत धेंपो या खाणमालक घराण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. त्यांच्या खाणींचे मुळगाव, शिरगाव परिसरातील लोहखनिज बार्जमध्ये भरून मांडवीमार्गे मुरगाव बंदराला आणि तिथून परदेशी जात असे. हा खाणव्यवसाय 2009 मध्ये सेसा गोवाने सुमारे 1,750 कोटींना घेतला. खाणी गेल्या तरी महाविद्यालये, ‘नवप्रभा’सारखे दैनिक आणि पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला फुटबॉल संघ यांमुळे घराण्याचे नाव गोवाभर राहिले.

मार्च 2024 मध्ये याच उद्योगसमूहाच्या कार्यकारी संचालक पल्लवी धेंपो यांना भाजपने दक्षिण गोव्याची लोकसभा उमेदवारी दिली. गोव्यात या पक्षाने लोकसभेसाठी उभी केलेली ही पहिली महिला. पतीसह त्यांची मालमत्ता सुमारे 1,400 कोटी निघाली, प्रतिज्ञापत्र 119 पानांचे. प्रचारात त्या आकड्याचीच चर्चा अधिक झाली. खरे तर डिचोली उत्तर गोव्यात आणि घराण्याची कचेरीही पणजीत, कांपालला. उत्तरेत मात्र भाजपचे उमेदवार श्रीपाद नाईक होते. ते तिथून सहाव्यांदा निवडून आले, काँग्रेसच्या, पेडण्याच्या रमाकांत खलपांना 1,16,015 मतांनी हरवून.

खाणमालक गोव्याला नकोच होता, असे मात्र नाही. पेडण्यात जन्मलेले भाऊसाहेब बांदोडकर खाणमालकच. 1963 मध्ये ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. पण त्यांच्यामागे महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष आणि बहुजन समाजाची चळवळ होती. पल्लवीताई आयत्या उभ्या असलेल्या पक्षयंत्रणेत शेवटच्या घटकेला आल्या. उद्योजक नंदन निलेकणी 2014 मध्ये दक्षिण बंगळुरूत हरले आणि बँकर मीरा सन्याल 2009 व 2014 मध्ये दक्षिण मुंबईत हरल्या, त्यांची गतही फार वेगळी नव्हती. कंपनी चालवण्याचा अनुभव मतदाराला प्रभावित करतो, मत मिळवून देतोच असे नाही.

समोर काँग्रेसचे कॅप्टन विरियातो फर्नांडिस, नौदलाचे निवृत्त अधिकारी. राज्यघटना गोव्यावर लादली गेली, या अर्थाचे त्यांचे विधान गाजले. पंतप्रधानांनीही त्यावर टीका केली, पुढे सांकवाळला सभा घेतली. दिगंबर कामतांसारखे काँग्रेसवाले तर आधीच भाजपमध्ये आले होते. पण नेते आले म्हणून मते येतातच असे नाही! दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्याने काँग्रेसला भरभरून आघाडी दिली आणि बाकीच्या तालुक्यांतली भाजपची आघाडी तिथे वाहून गेली.

4 जूनचा निकाल: विरियातो 2,17,836, पल्लवी 2,04,301. फरक 13,535. रिव्होल्यूशनरी गोवन्स (आरजी) पक्षाचे रूबर्ट परेरा 18,885 मते घेऊन गेले, तरीही काँग्रेस जिंकली.

या पराभवाचे खापर एकट्या उमेदवारावर फोडणे अन्यायाचे ठरेल. 2019 मध्ये भाजपचे मुरलेले कार्यकर्ते नरेंद्र सावईकर 9,755 मतांनी हरले होते आणि विजयी काँग्रेसचे फ्रान्सिस्को सार्दिन यांना 2,01,561 मते होती. म्हणजे पल्लवी धेंपो यांना 2024 मध्ये त्या विजयी आकड्याहून जास्त मते पडली. फरक एवढाच, की 2019 मध्ये आम आदमी पक्ष वेगळा लढला होता आणि 2024 मध्ये तो काँग्रेसच्या सोबत होता.