मायक्रोअँपियरचा ताळेबंद

हृदयाच्या ठोक्याचा विद्युत संकेत छातीवर जेमतेम एखाद्या मिलिव्होल्टचा असतो. डोक्यावर मिळणारे मेंदूचे संकेत (ईईजी) तर मायक्रोव्होल्टमध्येच मोजावे लागतात. 1940 च्या दशकाच्या अखेरीस नॉर्मन होल्टर यांनी चालत्याफिरत्या माणसाचा ईसीजी रेडिओवरून पाठवला, तेव्हा पाठीवरच्या यंत्राचं वजन सुमारे 38 किलो होतं. आज तेच काम छातीवर चिकटवलेली पट्टी करते. मधल्या काळात बॅटऱ्या सुधारल्या हे खरं, पण मोठा वाटा अ‍ॅम्प्लिफायर चिपचा आहे.

पहिली वाट घड्याळांनी दाखवली. क्वार्ट्झ घड्याळांवर काम करणारे स्विस अभियंते एरिक विटोझ आणि जाँ फेलरथ यांनी 1977 मध्ये दाखवलं, की ट्रान्झिस्टर पुरता चालू न करता उंबरठ्याखालीच ठेवला, तर मोजक्या करंटमधून जास्तीत जास्त काम निघतं. शरीराचे संकेत संथ असल्याने अशा ट्रान्झिस्टरची मंद चाल इथे चालून गेली.

अडचण होती ती संकेतात मिसळणाऱ्या नॉइजची. तो निम्मा करायचा तर करंट साधारण चौपट लागतो. ही किंमत चुकत नाही. म्हणून 1987 मध्ये श्टेयार्ट, सान्सेन आणि सहकाऱ्यांनी एक मापच ठरवून दिलं: खर्चलेल्या करंटच्या मानाने नॉइज किती कमी झाला? 2003 मध्ये युटा विद्यापीठात रीड हॅरिसन यांनी मेंदूच्या संकेतांसाठी केलेला अ‍ॅम्प्लिफायर 80 मायक्रोवॉटवर चालला; ईईजीसाठीच्या त्याच्या संथ रूपाला एक मायक्रोवॉटही लागला नाही.

पवईच्या आयआयटीत याच सुमारास गळ्यात घालता येईल अशा ईसीजी यंत्रावर, ‘सिलिकॉन लॉकेट’वर, काम चाललं होतं. तिथल्याच मरियम शोजाई बाघिनी, राकेश लाल आणि दिनेश शर्मा यांनी 2004 मध्ये अतिकमी विजेवर चालणारा सीमॉस अ‍ॅम्प्लिफायर मांडला आणि 2005 मध्ये सुटसुटीत ईसीजी यंत्रांसाठीची चिप.

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धी गावाने 1975 नंतर पाणी अडवलं, तसंच उसासारख्या पाणीखाऊ पिकांना आवरही घातला. साठ्याइतकंच महत्त्व वाटपाला दिलं. अ‍ॅम्प्लिफायर चिपमधल्या करंटचंही तेच. 2007 मध्ये एमआयटीत राहुल सर्पेशकर आणि सहकाऱ्यांनी बहुतेक करंट पहिल्या ट्रान्झिस्टर जोडीला दिला आणि पुढच्या शाखांना अगदी थोडक्यात भागवायला लावलं. संकेत पहिल्या जोडीपाशीच सर्वांत दुबळा असतो. तिथे मिसळलेला नॉइज पुढे संकेताबरोबरच वाढत जातो.

2012 मध्ये बाजारात आलेली एडी8232 ही ईसीजी चिप सुमारे 170 मायक्रोअँपियर घेते. 225 मिलिअँपियर-तासांच्या बटण सेलवर ती एकटी, हिशेबाने, पन्नासेक दिवस चालावी. पट्टी प्रत्यक्षात तेवढी टिकत नाही, कारण आता खादाड आहे तो माहिती पाठवणारा रेडिओ. त्यामुळे पुढची बचत अ‍ॅम्प्लिफायरमध्ये कमी आणि ‘काय पाठवायचं नाही’ हे ठरवण्यात जास्त आहे. पारनेर तालुक्यातल्या गावात हृदयविकारतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर नसतो. तिथे सगळे ठोके पाठवण्यापेक्षा बिघडलेला ठोका ओळखून तेवढाच पाठवणारी चिप अधिक कामाची.