दुकानाच्या पाटीवरचा पॅन
पत आणि पैसा : भाग ६

जयसिंगपुरातल्या कुठल्याही दुकानाचं पक्कं बिल हातात घ्या. वर दुकानाचं नाव, खाली गल्लीचा नंबर आणि त्याखाली पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक. त्यातले पहिले दोन अंक २७, म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरं वेगळी काढून वाचा. दुकान एकट्याच्या मालकीचं असेल, तर तो त्या मालकाचा पॅन आहे. हा क्रमांक पाटीवर लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. ज्या पॅनची झेरॉक्स देताना आपण दहा वेळा विचार करतो, तोच रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही वाचता येतो.

मार्च २०२३ मध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळीनं नेमकं हेच केलं होतं. इंटरनेटवर सहज सापडणाऱ्या जीएसटी क्रमांकांतून त्यांनी पॅन वेगळे काढले. त्यांत महेंद्रसिंग धोनी आणि माधुरी दीक्षित यांचेही होते. त्यावर स्वतःचे फोटो चिकटवून पुण्याच्या एका कंपनीकडून क्रेडिट कार्डं मिळवली आणि कंपनीच्या लक्षात येईपर्यंत २१ लाखांवर खरेदी केली. व्हिडिओ कॉलवर कंपनीनं जुन्या कर्जांविषयी विचारलं, तेव्हा उत्तरं तयार होती, कारण त्या नावांचे सिबिल या पतनोंद कंपनीकडचे तपशील टोळीनं आधीच मिळवले होते.

त्याआधी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, ‘धनी’ या ॲपवरून आपल्या पॅनवर परस्पर कर्ज उचललं गेल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या होत्या. रकमा लहान होत्या, काही हजारांच्या. पतअहवाल उघडला तेव्हाच अनेकांना त्या कर्जाचा पत्ता लागला.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: पॅन लपवण्यावर भिस्त ठेवू नका, आपली वही, म्हणजे पतअहवाल, वाचायची सवय लावा. मागच्या भागात आपण पत दाखवणाऱ्या ३०० ते ९०० या आकड्याविषयी बोललो. आज तो आकडा बाजूला ठेवू. आकडा पडायला वेळ लागतो, चुकीची नोंद त्याच्या आधीच वहीत बसलेली असते.

वही एक नाही, चार आहेत. सिबिल हे नाव आपल्या तोंडी बसलं असलं, तरी एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कंपन्याही कर्जांच्या नोंदी ठेवायचं तेच काम करतात. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ जानेवारी २०१७ पासून चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. म्हणजे दर तीन महिन्यांनी एक फुकट. संक्रांतीला एक, पाडव्याला दुसरा, बेंदराला तिसरा, दसऱ्याला चौथा, असं धरलं तर विसरायला होणार नाही. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्यानं आकडा घसरत नाही. ही भीती मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकली आहे की ठासून सांगतो: घसरत नाही. घसरू शकतो तो तुम्ही कर्ज मागितल्यावर बँका अहवाल मागवतात तेव्हा.

अहवाल उघडलात की आधी नाव, जन्मतारीख, पत्ते आणि मोबाइल नंबर पाहा. आपल्या शिरोळ तालुक्यात हे फार महत्त्वाचं आहे. एकाच गावात एकाच नावाचे, वडिलांचंही नाव तेच असलेले चार पाटील निघतात. गाव त्यांना टोपणनावानं ओळखतं, संगणकाला टोपणनाव ठाऊक नसतं. एका पाटलाची थकबाकी दुसऱ्याच्या खात्यावर चढू शकते. गल्लीचा नंबर चुकला, तरी तिथं थांबा. आपण कधीच न राहिलेल्या शहराचा पत्ता दिसला, तर धोक्याची घंटा समजा.

मग खाती. प्रत्येक कर्जापुढं ते तुमचं एकट्याचं, संयुक्त की तुम्ही नुसते जामीनदार, हे लिहिलेलं असतं. फेडलेलं कर्ज ‘बंद’ दिसायला हवं. माझं स्वतःचं फिटलेलं दुचाकीचं कर्ज ना-हरकत दाखला मिळाल्यानंतरही अहवालात चालूच दिसत होतं. बँकेत तीन खेपा घातल्या, शेवटी दाखल्याची प्रत जोडून लेखी अर्ज दिला तेव्हा ते हललं. तडजोडीत मिटवलेल्या कर्जापुढं ‘सेटल्ड’ असा शेरा येतो. तो ‘बंद’सारखा नसतो, पुढची बँक त्याकडे संशयानं पाहते. पीककर्जाला सिबिलची अट लावू नका, असं राज्य सरकारनं बँकांना वारंवार बजावलं आहे. ट्रॅक्टरच्या किंवा घराच्या कर्जाला मात्र हा शेरा आडवा येतोच.

शेवटचा भाग चौकशांचा. कोणत्या संस्थेनं, कोणत्या तारखेला तुमचा अहवाल मागवला, याची ती यादी असते. आपण अर्जच केला नव्हता अशा कंपनीचं नाव तिथं दिसलं, तर कुणीतरी तुमच्या नावानं दार ठोठावतंय. कर्ज अजून निघालं नसेल, तर याच टप्प्यावर ते रोखता येतं.

अमेरिकेत राहणारे आपले लोक आपली पतनोंद फुकट गोठवून ठेवू शकतात, २०१८ पासून तिथं तसा कायदा आहे. आपल्याकडे असं कुलूप नाही, पण सूचना आहे. अहवाल कुणी मागवला की एसएमएस किंवा ईमेल पाठवणं कंपन्यांवर एप्रिल २०२४ पासून बंधनकारक आहे. मात्र तो एसएमएस नोंदलेल्या नंबरवर जातो. तो नंबर बंद पडलेला असेल किंवा अर्ज भरून देणाऱ्या एजंटाचा असेल, तर सूचना येऊन न आल्यासारखीच. बचत गटाचं कर्ज घेतलेल्या किती बायकांचे फॉर्म दुसऱ्यांनी भरले आहेत, ते आपल्या घरात विचारून पाहा.

चूक सापडली की तो अहवाल देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, पैसे लागत नाहीत. शिवाय कर्ज देणाऱ्या संस्थेलाही लेखी कळवा, कारण तिनं होकार दिल्याशिवाय नोंद बदलत नाही. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा तुमचा हक्क आहे. त्यातला जितका उशीर ज्याचा, तितकी भरपाई त्यानं द्यायची. तरी दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. चौकशीसाठी नंबर १४४४८.

न घेतलेलं कर्ज दिसलं, तर सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीसाठीच्या १९३० वर फोन करा, पोलिसांत तक्रार द्या आणि पोच जपून ठेवा. एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. ‘दोन हजारच आहेत, भरून टाकू, कटकट मिटेल’ असं म्हणून पैसे भरू नका. भरलेला हप्ता म्हणजे ते कर्ज तुमचंच असल्याची कबुली, असा अर्थ समोरचा लावू शकतो.

या रविवारी स्वतःचा अहवाल काढाच, पण तिथं थांबू नका. ज्यांना मोबाइलवरचं इंग्रजी वाचता येत नाही, त्या आईचा, काकांचा अहवालही त्यांच्याशेजारी बसून काढा आणि एकेक ओळ मराठीत वाचून दाखवा. पुढच्या आठवड्यात जामीनदाराविषयी.