रुसलेलं व्हायोलिन



उस्मानपुऱ्यातल्या आमच्या शाळेत गॅदरिंगची तयारी चालू होती. चौथीतल्या एका मुलीनं आजोबांचं जुनं व्हायोलिन आणलं. कितीतरी वर्षं ते माळ्यावर पडून होतं. तिनं मोठ्या ऐटीत ते खांद्यावर धरलं, गज फिरवला आणि... आवाजच नाही! गज नुसता तारांवरून घसरत राहिला. मुलं फिदीफिदी हसली. तिचा चेहरा एवढासा झाला. "बाई, मोडलंय का हो? बाबा म्हणालेत, मोडलं असेल तर भंगारात देऊन टाकू."

मलाही काही सुचेना. शेवटी आम्ही वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका काकांना गाठलं. त्यांनी गजावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे धुतलं कोणी?" झालं होतं असं, की आईनं गज साबणानं स्वच्छ धुऊन दिला होता!

गजाला असतात घोड्याच्या शेपटीचे केस. नुसते केस गुळगुळीत. त्यांना राळ, म्हणजे रोझिन, चोळावी लागते. मग केस तारेला चिकटतात, थोडं ओढून नेतात, तार निसटते, पुन्हा चिकटते. असं सेकंदाला शेकडो वेळा घडतं, म्हणून तार गाते.

हे वाद्य मूळचं इटलीचं. क्रेमोना गावच्या आंद्रेआ आमाती यांनी सोळाव्या शतकात त्याला आजचा आकार दिला. त्याच गावात अंतोनियो स्त्रादिवारी (१६४४ ते १७३७) होऊन गेले. त्यांच्या हातची सुमारे ६५० वाद्यं अजून शिल्लक आहेत आणि ती कोट्यवधी रुपयांना विकली जातात! तेव्हाच्या तारा मात्र मेंढीच्या आतड्याच्या असत. पुढे धातूच्या आल्या.

आपल्याकडे दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितर (१७८६ ते १८५८) हे वाद्य मद्रासला एका युरोपियन वादकाकडून शिकले आणि त्यावर आपले राग वाजवू लागले. आपल्या संगीताला ते मानवलं याचं कारण सोपं आहे. सतारीसारखे पडदे याला नाहीत. बोट सरकवलं की मींड तयार! आपले वादक मांडी घालून बसतात आणि व्हायोलिनचं टोक उजव्या पायावर टेकवतात. महाराष्ट्रात गजाननराव जोशी, वि. गो. जोग, दा. के. दातार यांनी ते मैफलीत मानानं बसवलं.

मला स्वतःला मात्र प्रभाकर जोग (१९३२ ते २०२१) फार आवडतात. लहान वयात, बाराव्या वर्षापासून, ते पुण्यातल्या वाड्यांत सव्वा रुपया आणि नारळ एवढ्या बिदागीवर वाजवत. पुढे सुधीर फडक्यांच्या गीतरामायणाला त्यांची साथ असे. त्यांचं 'गाणारे व्हायोलिन' आईबाबांना विचारा. ऐकताना गाण्याचे शब्दसुद्धा ऐकू आल्यासारखे वाटतात!

आता आमच्या व्हायोलिनचं पुढं काय झालं? काकांनी राळ चोळली, दोन तारा बदलल्या आणि चारही तारा 'सा' आणि 'प' मध्ये लावून दिल्या. पहिल्या दिवशी आवाज निघाला तो दार करकरल्यासारखा. शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या! पण यावेळी कोणी हसलं नाही, कारण प्रत्येकाला एकदा गज फिरवून बघायचा होता.

गॅदरिंगला वर्गानं प्रार्थना म्हटली. तिला बोटं कुठे ठेवायची ते अजून येत नव्हतं, म्हणून तिनं मोकळ्या तारांवर फक्त 'सा' आणि 'प' धरून ठेवले. पहिल्या रांगेत बाबा बसले होते. घरी जाताना पेटी त्यांनीच उचलली.