साखर आटोक्यात येत नाही? दोष जेवणाचाच असेल असं नाही

बोटातली अंगठी निघेनाशी झाली की साबण लावून ती काढली जाते. चपलेचा नंबर वाढला की ‘वय झालं’ म्हणून मोठी जोडी आणली जाते. त्यातच रक्तात साखर निघते आणि घरात भात, बटाटा, मिठाई बंद होते. गोळ्या वाढत जातात, साखर मात्र उतरत नाही. अशा वेळी क्वचित प्रसंगी खरं कारण स्वयंपाकघरात नसून मेंदूच्या तळाशी असतं.

वाटाण्याएवढी ग्रंथी

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. डॉक्टर तिला पिट्युटरी म्हणतात. तिचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, पण थायरॉइड, अॅड्रिनल आणि बीजकोश या ग्रंथी तिच्या हुकमाने चालतात. या ग्रंथीत कधी कधी गाठ होते. ती बहुधा कॅन्सरची नसते, पण काही गाठी गरज नसताना हार्मोन तयार करत राहतात.

वाढीचं हार्मोन जास्त झालं की हातपाय रुंदावतात, जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात, घाम फार येतो आणि घोरणं वाढतं. फ्रान्सचे डॉ. पिएर मारी यांनी १८८६ साली या विकाराला ‘अॅक्रोमेगली’ हे नाव दिलं.

दुसऱ्या प्रकारची गाठ अॅड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला भाग पाडते. मग चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय मात्र बारीक होतात. पोटावर जांभळट रुंद पट्टे उमटतात, जरा लागलं तरी त्वचा काळीनिळी पडते आणि जमिनीवरून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो. अमेरिकेचे डॉ. हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली या लक्षणांचा संबंध पिट्युटरीच्या गाठीशी जोडला. त्यांच्याच नावाने हा आजार ओळखला जातो.

रक्त काय सांगतं?

ही दोन्ही हार्मोन्स इन्शुलिनला दाद लागू देत नाहीत. वाढीचं हार्मोन चरबी विरघळवून रक्तात सोडतं, त्यामुळे स्नायू साखर घेत नाहीत. कॉर्टिसॉल स्नायूंतली प्रथिनं मोडतं आणि यकृत त्यांपासून साखर तयार करतं. परिणामी रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढू शकते. रक्तदाबही चढतो. हा भार अखेर हृदयावर पडतो.

कुशिंगच्या रुग्णात उपाशीपोटीची साखर कधी कधी ठीक असते आणि जेवणानंतरची वाढलेली असते. त्यामुळे केवळ सकाळच्या एका तपासणीवर निश्चिंत राहू नये.

अॅक्रोमेगलीची शंका आली तर प्रथम ‘आयजीएफ-१’ ही रक्ततपासणी होते. गरज पडल्यास ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून ठराविक अंतराने रक्त घेतात. निरोगी माणसात साखर पोटात गेल्यावर वाढीचं हार्मोन खाली जातं, या रुग्णात ते जात नाही. मधुमेह आहे की नाही, हेही याच चाचणीत कळतं.

कुशिंगसाठी रात्री डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी कॉर्टिसॉल मोजतात. किंवा २४ तासांची लघवी अथवा रात्री उशिराची लाळ तपासतात. त्याआधी डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात: दमा, सांधेदुखी किंवा त्वचेसाठी स्टिरॉइड चालू आहे का? कारण असाच चेहरा आणि अशीच साखर त्या औषधांनीही होते, आणि ते कारण कितीतरी जास्त आढळतं. नाव नसलेल्या पुड्या घेतल्या असतील तर त्याही लपवू नयेत. स्टिरॉइड मात्र मनाने एकदम बंद करू नये, ते जिवावर बेतू शकतं.

उपचार आहेत

हार्मोनची तपासणी पक्की झाल्यावर एमआरआयने गाठ शोधतात. अनेकदा नाकावाटे शस्त्रक्रिया करून ती काढता येते, कवटी उघडावी लागत नाही. गाठ उरली तर इंजेक्शन, गोळ्या किंवा किरणोपचार असतात. प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या गाठीत पाळी थांबते आणि बाळंतपण नसताना दूध येतं. तिथे बहुधा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच काम भागतं.

हार्मोन ताब्यात आलं की पुष्कळ रुग्णांची साखर उतरते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर मधुमेहाचा जुना डोस तसाच चालू ठेवला तर साखर धोकादायक कमी होऊ शकते. डोस लगेच तपासून घ्यावा. याउलट पासिरिओटाइड या इंजेक्शनाने साखर वाढते, म्हणून ते चालू असताना वरचेवर तपासणी लागते.

घाबरू नये, पण दुर्लक्षही नको

मधुमेह घरोघरी आढळतो, या गाठी विरळ असतात. साखर वाढली म्हणून प्रत्येकाने एमआरआय काढत बसू नये. पण साखरेबरोबर चेहरामोहरा, हातपाय, पाळी किंवा ताकद बदलत असेल, तर हार्मोनतज्ज्ञांना म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्टना दाखवावं. मुंबईचं केईएम, दिल्लीचं एम्स आणि चंदिगढचं पीजीआय या सरकारी व पालिकेच्या रुग्णालयांतही हा विभाग आहे.

जाताना दोन गोष्टी न्याव्यात: रक्ततपासणीचे जुने कागद आणि दहा वर्षांपूर्वीचा एखादा फोटो. हे बदल इतके सावकाश होतात की रोज पाहणाऱ्या घरच्यांना ते दिसतच नाहीत. त्यामुळे निदानाला वर्षानुवर्षं लागतात आणि तोवर साखर व रक्तदाब आपलं नुकसान करून बसतात. डॉक्टरांना मात्र जुना फोटो आणि समोरचा चेहरा शेजारी ठेवल्यावर पुढची तपासणी कोणती करायची, हे लवकर उमगतं.