सुती वस्त्रांची निगा : लेखांक सहावा
हळदीचा डाग आणि वैशाखाचे ऊन

गेल्या लेखांकात जड पाण्यात साबणाचा फेस का मरतो, याचे विवेचन केले. या खेपेस गृहिणींच्या दृष्टीने त्याहून निकडीचा असा हळदीच्या डागाचा विषय घेतला आहे. नागपुरात या विषयाची एक निराळीच गंमत आहे. ज्या हलबा कोष्टी समाजाच्या हातमागांनी या शहराला वस्त्रव्यवसायाचा लौकिक मिळवून दिला, त्याच समाजाच्या चुलीवर सावजी रस्सा जन्मास आला. तेव्हा शुभ्र सुती सदऱ्याचा कर्ता आणि त्याचा वैरी हे दोघेही एकाच घरचे ठरतात!

वरणाचा थेंब पडलेल्या बाहीवर साबणाची वडी फिरवावी, तो पिवळा डाग पाहता पाहता तांबडा होतो, आणि नवखा मनुष्य रक्त लागले की काय म्हणून चपापतो. वास्तविक यात भिण्यासारखे काही नाही. हळदीचे रंगद्रव्य क्षाराच्या सान्निध्यात तांबडे व आम्लाच्या सान्निध्यात पिवळे होते. साबण क्षारधर्मी, म्हणून हा चमत्कार. हळदीत चुना कालवला की जे घडते तेच येथे घडते. खरी अडचण वेगळीच आहे : बहुतेक वनस्पतिज रंगांना कापसावर बसण्यासाठी तुरटीसारख्या मध्यस्थाची गरज लागते, हळदीला मात्र ती लागत नाही, त्यातून हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि तेलात सहज विरघळते, त्यामुळे रश्शावरची तर्री त्याला धाग्याच्या अंतर्भागापर्यंत बिनदिक्कत पोहोचवते.

परंतु या बळकट रंगाचे एक मर्मस्थान आहे, ते म्हणजे प्रकाश. म्हणून प्रथम कोमट पाणी व साबण यांनी तेल पूर्णपणे काढावे, कापड स्वच्छ खंगाळावे, आणि ते ओले असतानाच डागाची बाजू वर करून उन्हात पसरावे. पंचेचाळीस अंशांचा उंबरठा ओलांडणाऱ्या वैशाखात, प्रतापनगरातील एखाद्या उघड्या गच्चीवर, जो डाग दोन धुण्यांना दाद देत नव्हता तो दुपार कलण्यापूर्वी फिका पडू लागतो. कापड सुकले तर पुन्हा पाणी शिंपडावे. डाग शिल्लक असताना इस्त्री मात्र कदापि फिरवू नये, कारण उष्णतेने तेलाचा अंश तेथे कायमचा ठाण मांडतो.

उन्हाचा हा उपयोग काही आपल्याच गच्चीचा शोध नव्हे. रासायनिक विरंजनाचा काळ सुरू होण्यापूर्वी हॉलंडमधील हार्लेमच्या परिसरात लिननचे कापड शुभ्र करण्यासाठी ते आठवडेच्या आठवडे कुरणांवर अंथरीत असत. १७७४ मध्ये शेले याने क्लोरीन वायू शोधला, १७९९ मध्ये टेनंट याने विरंजक चूर्णाचे पेटंट घेतले, आणि महिन्यांचे काम तासांवर आले. हेच चूर्ण आज घरोघरी दाखल आहे, आणि माझ्या मते सुती कपड्यांच्या अकालमृत्यूंपैकी पुष्कळ त्याच्याच खाती जमा करावे लागतील. ते डागाबरोबर धाग्यातील सेल्युलोजही खाते. कापड त्या पाण्यात विसरले, अथवा अर्धवट खंगाळले, तर पुढल्या पिळण्यातच ते फाटते, आणि आळ मात्र बिचाऱ्या वरठ्यावर येतो.

ऊनही निरुपद्रवी नाही. पांढऱ्या पंचाला ते मानवते, पण रंगीत लुगड्याचा रंग तेच ऊन उडवते, आणि दिवसेंदिवस दोरीवर राहिलेली चादर पिवळट पडून विरत जाते. तेव्हा रंगीत वस्त्रे उलटी करून सावलीत वाळवावीत, आणि पांढरी डाग जाताच उचलावीत. रंगीत कापडावर हळद सांडली असेल, तर उन्हापूर्वी आतल्या शिवणीच्या कोपऱ्यावर परीक्षा करून पाहावी. तेथील रंग उतरला, तर त्या वस्त्रावरील डाग सोसावा, हेच शहाणपणाचे. पुढील लेखांकात खळ व नीळ यांचा विचार करू.