गाडी दारात, मालकी कागदात

कोल्हापूरच्या शाहूपुरीत ओळखीतून जुनी गाडी घेताना इंजिनाचा आवाज सगळेच ऐकतात, आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, मात्र घाईत पाहिली जाते. पैसे दिले, किल्ली मिळाली, तरी सरकारदरबारी मालक तोच, ज्याचे नाव नोंदणीत आहे.

2018 साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार खटल्यात हेच ठरवले. गाडी एकापाठोपाठ एक अनेकांना विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. म्हणजे नावबदल ही विकणाऱ्याचीही गरज आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचे (नमुना 29), तर घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा (नमुना 30). विमाही आपल्या नावावर करून घ्यायचा.

तीन ठिकाणी गाडी अडते. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर कर्ज फिटूनही नमुना 35 आणि बँकेचे पत्र लागते. सीमेपलीकडची, म्हणजे बेळगाव-चिकोडीकडची गाडी एमएच-09 मध्ये आणायची, तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला, नमुना 28, हवा. मालक हयात नसेल, तर आधी वारसाच्या नावावर नोंद हवी.

म्हणून इसार देण्याआधी चॅसी क्रमांक आरसीशी जुळवा, परिवहन संकेतस्थळावर बोजा आणि थकीत दंड तपासा. कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊ नका, देऊही नका.