थंडीच्या पहाटे ट्रॅक्टर सुरू का होत नाही?

निफाड, दिंडोरी या द्राक्षपट्ट्यात मार्गशीर्ष-पौषातील पहाटेचे तापमान ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरल्याची उदाहरणे आहेत. याच दिवसांत बागेवर भुरीची फवारणी वेळेवर व्हावी लागते आणि फवारणीयंत्र ट्रॅक्टरच्याच जोरावर चालते. ट्रॅक्टर अडून बसला की सकाळची निवांत, वारा नसलेली वेळ हातची जाते. मग घाईने मेकॅनिकला बोलावणे जाते, तो डिझेल पंप उतरवून तालुक्याला नेतो आणि शेतकऱ्याचे दोन दिवस व बराच पैसा खर्ची पडतो. पुष्कळदा पंपात दोष नसतोच. दोष कोठे आहे याचा बोध पाना हाती घेण्यापूर्वीच, सेल्फच्या आवाजावरून व सायलेन्सरच्या धुरावरून होऊ शकतो.

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनाप्रमाणे ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते अठराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. या दाबाने ती ५०० अंशांच्याही वर तापते आणि तीत नोझलमधून आलेला डिझेलचा बारीक फवारा आपोआप पेट घेतो. सायकलला हवा भरताना पंपाची नळी गरम होते, त्यातलाच हा प्रकार. थंडीत मुळातली हवा गार, सिलिंडराचा धातू गार, ऑइल घट्ट आणि बॅटरी दुबळी असते. त्यामुळे इंजिन सावकाश फिरते. सावकाश फिरले की दाबलेली हवा रिंगांवाटे निसटते, उष्णता धातूत मुरते आणि डिझेल पेटण्याइतकी धग उरत नाही.

प्रथम स्टॉपची दांडी पूर्ण आत गेली आहे की नाही ते पाहावे. हे सांगणे पोरकट वाटेल. परंतु केबल गंजून अर्ध्यावर अडकल्याने डिझेल बंदच राहिले, असे प्रकार दर हिवाळ्यात घडतात.

यानंतर सेल्फचा आवाज ऐकावा. इंजिन कुंथत फिरत असेल, तर डिझेलच्या मार्गाला हात लावू नये. पूर्ण भारित बॅटरीचा दाब विसाव्यात सुमारे १२.६ व्होल्ट असतो, १२.२ व्होल्ट भरल्यास ती निम्मी रिकामी समजावी. सेल्फ मारताना हा दाब ९.५ व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर बॅटरी उतरलेली किंवा निकामी आहे. दाब चांगला राहूनही सेल्फ मंद फिरत असेल, तर टर्मिनलवरील पांढरी-हिरवी पुटे, सैल झालेली अर्थिंगची पट्टी किंवा सेल्फ स्वतः, यांकडे वळावे. सेल्फ मारल्यावर जो सांधा हाताला गरम लागतो, तोच बहुधा सैल असतो. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक सेल्फ मारू नये व मध्ये दोन मिनिटे विसावा द्यावा.

सेल्फ जोमाने फिरतो, तरी सायलेन्सरमधून धूर मुळीच निघत नाही, असे दिसल्यास सिलिंडरात डिझेल पोहोचतच नाही हे निश्चित समजावे. टाकी व कॉक पाहून झाल्यावर संशय घ्यावा तो इंजिनाने एअर धरल्याचा. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढले जाते. त्यामुळे तेथील बारीक फटीतून चालू इंजिनात डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. टाकी खालच्या पातळीवर असल्यास रात्रभरात नळीतील डिझेल टाकीकडे उतरते व सकाळी इंजिन कोरडे फिरते. अशा वेळी फिल्टरवरील एअर स्क्रू सैल करून हँड पंप दाबीत राहावे; बुडबुडे संपून सलग डिझेल येऊ लागले की दाबता दाबताच स्क्रू आवळावा. एवढ्याने इंजिन सुरू झाले, तर पंप निर्दोष असल्याचा तो चांगला पुरावा होय. मात्र रोज सकाळी हेच करावे लागत असेल, तर फट शोधलीच पाहिजे. एका बागायतदाराचा पंप एकाच हंगामात दोनदा उतरवला गेल्याचे माझ्या पाहण्यात आहे. दोष निघाला तो फिल्टरच्या बँजो बोल्टखालील झिजलेल्या तांब्याच्या वायसरात. फट सापडत नसल्यास त्या भागात तात्पुरती पारदर्शक नळी बसवावी. बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

याउलट पांढरा धूर भरपूर निघतो, पण इंजिन पेट घेत नाही, तेव्हा डिझेल येत आहे परंतु जळत नाही असा अर्थ होतो. ज्या ट्रॅक्टरांत हीटर असतो, त्यांत हीटर चालू करताच दिव्यांचा उजेड किंचित मंदावला पाहिजे. न मंदावल्यास फ्यूज, तार किंवा हीटर गेला असे समजावे. हीटर ठीक असून ब्रीदरमधून धूर येत असेल व ऑइल कमी होत असेल, तर रिंग-लायनर झिजले आहेत. सुरू झाल्यावर इंजिन अडखळते व काही मिनिटांनी सुधारते, तेव्हा एखादे नोझल फवाऱ्याऐवजी थेंब टाकीत असण्याचा संभव असतो. रेडिएटरचे पाणी घटत असल्यास हेड गॅस्केट तपासून घ्यावे. सुरू झाल्यावर मिनिटभर दिसणारा पांढरा धूर मात्र थंडीत स्वाभाविक आहे.

इंजिन सुरू होऊन थोड्याच वेळात बंद पडते, तेव्हा डिझेलातील मेणाचा विचार करावा. भारतीय मानकाप्रमाणे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत विकल्या जाणाऱ्या डिझेलने ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिले पाहिजे. उन्हाळी डिझेलाला हमी आहे ती १८ अंशांपर्यंतचीच. तेव्हा दसऱ्यापूर्वी पिंपात भरून ठेवलेले डिझेल पौषातल्या पहाटे दाटून फिल्टर चोंदवू शकते. फिल्टरवर गरम पाण्यात पिळलेले फडके ठेवावे, जाळ लावू नये.

एअर फिल्टरच्या तोंडाशी डिझेलची पेटती चिंधी धरण्याची रीत अनेक गावांत दिसते. ती सोडून द्यावी. जळता धागा आत ओढला जातो आणि आगीचाही धोका असतो. हीटर असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रे मारणे तर स्फोटास आमंत्रण होय. बंद गोठ्यात इंजिन तापवत ठेवू नये, धुरातील विषारी वायूचा वास येत नाही. नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून पाहण्याची जुनी युक्ती कॉमन रेल इंजिनांवर मुळीच करू नये. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना कडक धूरमर्यादा लागू झाल्याने अशी इंजिने आता गावोगाव आली आहेत. त्यांतील डिझेलचा दाब इतका प्रचंड असतो की फवारा कातडी भेदून आत शिरतो.

मेकॅनिकला बोलावताना सेल्फ कसा फिरतो, धूर कोणत्या रंगाचा आहे आणि दुपारी तेच इंजिन सहज सुरू होते की नाही, एवढे तरी त्यास सांगावे. दुपारीही त्रास होत असेल, तर दोष केवळ थंडीचा नाही.